सादरीकरणात लोकांना बोलतं करायचं तर नेमकं काय वापरावं? (गरज परभणीकडची, पण सगळ्यांनी लिहा)

पूर्णाजंक्शन (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

शेतकरी गटांच्या प्रशिक्षणाचं काम करतो. परभणी-हिंगोलीकडच्या गावांत पेरणीआधी एक फेरी, कापूस पात्यावर (कळ्यांवर) आला की दुसरी. विषय ठरलेले: सोयाबीनची उगवण तपासणी, बीजप्रक्रिया, गुलाबी बोंडअळी. स्लाईडी वाईट नाहीत, कृषी विद्यापीठाच्या शिफारशी बघूनच केल्यात. पण थोड्या वेळात सभामंडपातली मागची रांग तंबाखू मळायला लागते. शेवटी "काही शंका?" विचारलं की सगळे एका सुरात, "नाही साहेब, समदं कळलं." आणि चहा पिऊन बाहेर चपला घालताना त्यातलाच एक जण हळूच विचारतो, "ते सापळे कधी लावायचे म्हणलात?"

आता वरून आलंय की सादरीकरण 'इंटरॅक्टिव्ह' करा. आम्हाला एका ऑनलाईन बैठकीत मेंटीमीटर दाखवलं. पडद्यावर कोड आला, सगळ्यांनी मोबाईल काढले, उत्तरं टाकली, बघता बघता शब्दांचा ढग तयार. मजा आली. पण ती बैठक मोबाईलवाल्या साहेब लोकांची होती. माझ्यासमोर बरेच जण कीपॅडवाले, उरलेल्यांत कुणाचा रिचार्ज संपलेला, आणि मंदिराच्या दगडी भिंतीच्या आत नेटवर्क येत नाही.

कुणी वर्गात, कंपनीत, गावात असलं काही खरंच वापरलंय का? नुसत्या ॲपच्या याद्या नकोत, त्या गुगलवर भरपूर आहेत. अनुभव सांगा.

---

वाळूज_सेकंडशिफ्ट

आमच्याकडे कारखान्यात सुरक्षा प्रशिक्षणाला स्लायडो वापरतात, तेवढंच सांगू शकतो. दाराशीच क्यूआर कोड चिकटवलेला असतो. आत येताना स्कॅन करायचं आणि प्रश्न टाकायचा, नाव द्यायची सक्ती नाही. दुसऱ्याचा प्रश्न पटला तर अंगठा द्यायचा. जास्त अंगठेवाला प्रश्न वर सरकतो.

याचा फायदा मी डोळ्यांनी पाहिलाय. सुपरवायझर शेजारी बसलेला असताना कोण विचारणार, की मशीनचं गार्ड काढून काम करायला लावलं तर नाही म्हणायचं कसं? तिथे तो प्रश्न सगळ्यात वर गेला आणि ट्रेनरला त्याच्यावर बोलावंच लागलं. मात्र प्रश्न आधी तपासून मग पडद्यावर सोडायची सोय चालू ठेवा, नाहीतर कँटीनच्या डाळीवरच चर्चा संपते.

अवांतर: क्यूआर कोड मुळात शाळेसाठी किंवा पैसे द्यायला निघालेलाच नाही. जपानच्या डेन्सो वेव्हने १९९४ साली गाड्यांचे सुटे भाग नोंदवायला काढला. आम्ही लाईनवर अजून तेच करतोय.

---

खडूफळा

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते, हिंगोली जिल्ह्यात. पूर्णाभाऊ, तुमची अडचण तीच माझी. वर्गात एकच मोबाईल, तो माझा. म्हणून मी प्लिकर्स नावाचं ॲप वापरते. समोरच्यांकडे काहीच लागत नाही, नुसतं एक कागदी कार्ड.

कार्डावर काळ्या चौकोनांची नक्षी असते, साधारण क्यूआरसारखी, पण ठसठशीत. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी आणि त्याला क्रमांक. चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. मुलाला उत्तर 'बी' वाटलं तर 'बी'ची बाजू वर करून कार्ड छातीशी धरायचं. मी मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवते, आणि कुणी काय उत्तर दिलं ते मोबाईलवर उमटत जातं. लॅपटॉप पडद्याला जोडलेला असेल तर आलेख तिथे दाखवता येतो. नेट लागतं ते माझ्याच मोबाईलला आणि लॅपटॉपला.

यातली खरी गंमत वेगळी आहे. अक्षरं इतकी बारीक असतात आणि प्रत्येकाची नक्षी इतकी वेगळी, की शेजाऱ्याचं बघून उत्तर देता येत नाही. हात वर करायला सांगितलं की आधी सगळे हुशार पोराकडे बघतात, मग हात वर जातात. इथे ते बंद झालं. कधी बोलत नाही त्या पोरीचंही उत्तर मला कळतं आणि वर्गाला कळत नाही.

४० कार्डांचा संच त्यांच्या साईटवरून फुकट छापून घेता येतो. मोठ्या गटासाठी ६३ चाही आहे. फुकट खात्याला काही मर्यादा आहेत, त्या आधी बघून घ्या.

---

पूर्णाजंक्शन

खडूफळाताई, हे कामाचं दिसतंय! पण मोठी माणसं असं कार्ड धरून बसतील का? पोरखेळ वाटायचा. आणि ए-बी-सी-डी न वाचणारे?

---

बालाघाटी

पाटोद्याकडचा शेतकरी हाय. आवो तुम्ही लोक शिकवायला येता का खेळवायला? आमच्याकडं एका प्रशिक्षणाला मागच्या साली एक पोरगा आल्ता शहरातून. काहूट म्हणे. पडद्यावर प्रश्न, खाली रंगीत चौकोन, वरून संगीत वाजायलंय, घड्याळ उलटं चाललंय. जो आधी दाबील त्याला जास्त गुण. आमच्या वयाच्या माणसाला प्रश्न वाचीस्तवर टैम संपायचा. दोन-चार कॉलेजची पोरं होती, त्यांनीच सगळे नंबर मारले, टाळ्या झाल्या, फोटो झाले. ठिबकचं काय शिकवलं म्हणाल तर शून्य. प्रश्नाचं उत्तर चुकलं त्याला का चुकलं हे सांगायला त्याला वेळच नव्हता, पुढचा प्रश्न आला.

त्यापेक्षा जुना ग्रामसेवक बरा. बांधावर यायचा, हातात ढेकूळ घ्यायचा आन् बोलायचा.

---

मोंढा_नांदेड

बालाघाटी +१. फक्त काहूटची बाजू म्हणून: प्रत्येक प्रश्नाची वेळ वाढवता येते, ४ मिनिटांपर्यंत. गुणही बंद करता येतात. त्या पोराने आहे तसंच लावलेलं दिसतंय.

---

मांजराकाठ

लातूरला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. बालाघाटींचा मुद्दा मला या सगळ्या धाग्यातला सर्वात महत्त्वाचा वाटतो, जरा सविस्तर लिहितो.

हार्वर्डला एरिक मॅझूर म्हणून फिजिक्सचे प्राध्यापक आहेत. शिकवणं लोकप्रिय, मुलं अवघड गणितं सोडवायची. मग त्यांनी वर्गाला बलाविषयी अगदी साध्या संकल्पनांची चाचणी दिली. तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारलं, की उत्तरं तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे लिहू, का मला प्रत्यक्षात वाटतं त्याप्रमाणे? चाचणीत मुलं गडबडली. त्यानंतर १९९१ पासून त्यांनी व्याख्यानाची पद्धतच बदलली. थोडं सांगायचं, मग एक प्रश्न टाकायचा. प्रत्येकाने न बोलता स्वतःचं उत्तर द्यायचं. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तर उत्तर जाहीर न करता सांगायचं, शेजाऱ्याशी वाद घाला. मग पुन्हा मत घ्यायचं. फारच कमी बरोबर असतील तर तो भाग पुन्हा शिकवायचा, जवळपास सगळे बरोबर असतील तर पुढे जायचं.

म्हणजे उत्तर आल्यावर सांगणाऱ्याने पुढे काय करायचं ते त्या उत्तरावरून ठरतं. माझ्या मते कुठलंही साधन वापरताना बघायचं ते एवढंच. लोकांनी काहीही उत्तर दिलं तरी तुमची पुढची स्लाईड तीच असेल, तर तो प्रश्न विचारला काय आणि नाही काय. मेंटीमीटरवरच्या बऱ्याच कार्यक्रमांत "आज कसं वाटतंय? एका शब्दात सांगा" असं असतं. त्या ढगाचं पुढे कुणी काय करतं? कौतुक करून पुढची स्लाईड.

माझा नेहमीचा प्रश्न: गच्चीवरून एक चेंडू जोरात आडवा फेकला, त्याच क्षणी त्याच उंचीवरून दुसरा नुसता सोडला. हवेचा विरोध सोडा. सपाट जमिनीवर आधी कोणता पडेल? सूत्रं तोंडपाठ असलेली मुलंसुद्धा "सोडलेला" म्हणतात. मग मी खुर्चीत बसतो आणि वर्गात भांडण सुरू होतं. "अरे पण आडवा वेग खाली ओढतो का?" असं कुणीतरी म्हणतोच. माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा ते त्याच्या तोंडून ऐकलेलं पोरांना पटतं. दोन्ही एकदमच पडतात, पण ते मला शेवटी सांगावंही लागत नाही.

आता साधनाचं. कॅनडात नॅथॅनिएल लासरी यांनी नेमकं हेच तपासलं. एका वर्गाला उत्तराचं बटण असलेले क्लिकर, दुसऱ्याला साधी कागदी कार्डं, पद्धत दोघांनाही मॅझूर यांचीच. २००८ मध्ये ते छापून आलं. शिकण्यात म्हणावा असा फरक निघाला नाही. यंत्राने मोजणी सोपी होते आणि नोंद राहते, हा शिकवणाऱ्याचा फायदा. तोही कमी नाही, पण तो कुणाचा फायदा आहे हे लक्षात असावं.

---

वाळूज_सेकंडशिफ्ट

मांजराकाठ सर, वाचनखूण साठवली. आमच्या ट्रेनरला पाठवतो, नाव न घालता :)

---

बालाघाटी

सर बरोबर बोलायलेत. भांडण लावून द्या आन् गप बसा, हे आम्हाला पारावर बसून ठावं हाय.

---

बचतगटवाली

धाराशिव जिल्ह्यात 'उमेद' या सरकारी अभियानाच्या महिला बचतगटांसोबत काम करते. पूर्णादादा, न वाचणाऱ्यांसाठी ए-बी-सी-डी ऐवजी कार्डाच्या चार बाजूंना चार रंगांचे ठिपके चिकटवा आणि पडद्यावर पर्यायांना तेच रंग द्या. ठिपका नक्षीवर नको, कडेच्या पांढऱ्या जागेत, आणि तोही कार्डाच्या मागच्या बाजूला लावला तर आणखी चांगलं. धरणारीला दिसतो, समोरच्याला नाही. पर्याय शब्दांत न देता फोटोत द्या. आमच्या बायकांना व्याजाचा हिशोब शिकवताना मी नोटांचे फोटो टाकते.

दुसरं, कुणी सुचवण्याआधीच सांगते, व्हॉट्सॲपच्या मतदानावर भिस्त ठेवू नका. २०२२ च्या शेवटी ती सोय आली तेव्हा मला फार आनंद झाला होता, सगळ्या गटांवर लावलं. पण त्यात कुणी काय मत दिलं ते नावानिशी दिसतं. "घरात पैशाचा निर्णय कोण घेतं?" या प्रश्नाला गटात कोण खरं उत्तर देणार? सासू त्याच गटात. बैठकीची वेळ ठरवायला मात्र झकास.

---

मोंढा_नांदेड

लग्नाच्या व्हिडिओपासून कंपन्यांच्या बैठकीपर्यंत पडदा-प्रोजेक्टर भाड्याने देण्याचा धंदा आहे, त्यामुळे भाषणं फार ऐकलीत. नेटशिवायच्या तीन-चार गोष्टी.

पॉवरपॉइंटमध्ये स्लाईडी एकामागून एक दाखवायची सक्ती नाही. पहिल्याच स्लाईडवर चार मोठे फोटो टाका, समजा अळी, पाणी, खत, बाजारभाव. प्रत्येक फोटोला त्या त्या स्लाईडची लिंक द्या, आणि प्रत्येक विषयाच्या शेवटी परत पहिल्या स्लाईडवर यायचं बटण. मग लोकांना विचारा, आधी काय? ते म्हणतील तिकडे जा. हे सगळं फाईलमध्येच असतं, नेट लागत नाही. लिंक द्यायची राहिली तर सादरीकरण चालू असताना स्लाईडचा नंबर दाबून एंटर मारा, थेट तिथे जाता येतं. माहीत नसतं बऱ्याच जणांना.

कीबोर्डवरचं 'बी' बटण दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो. लोकांना एकमेकांशी बोलायला लावायचं तेव्हा हे कराच. पडद्यावर अक्षर दिसत असलं की माणूस तिकडेच बघत राहतो.

आणि पूर्णाभाऊ, दिवसा उघड्या सभामंडपात प्रोजेक्टर नेऊ नका. स्वस्तातला असेल तर उजेडात काही म्हणता काही दिसत नाही. गावात कुणाच्या तरी घरी किंवा शाळेत मोठा टीव्ही असतो, तो मागून घ्या. एचडीएमआयची लांब वायर आणि एक्स्टेन्शन बोर्ड मात्र स्वतःचा ठेवा.

---

खडूफळा

मोंढावाल्यांनी नेटशिवायचं काढलं म्हणून, विज्ञान-गणिताच्या शिक्षकांनी फेट बघाच. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प आहे, नोबेल मिळालेले कार्ल वायमन यांनी २००२ साली सुरू केलेला. विद्युतमंडल, घनता, अपूर्णांक असल्या गोष्टी पडद्यावर स्वतः जोडून, ओढून बघता येतात. बऱ्याच गोष्टी मराठीत आहेत आणि एकदा उतरवून घेतल्या की नेट नसतानाही चालतात. मी दिवा लावायच्या आधी विचारते, "दुसरा सेल जोडला तर काय होईल?" कार्डं वर जातात, मग एखाद्या पोराला बोलावून जोडायला लावते.

---

पूर्णाजंक्शन

मंडळी, उशिरा लिहितोय, फेरी चालू होती. मानवत तालुक्यातल्या एका गावात करून बघितलं.

ढग वगैरे सगळं सोडलं. स्लाईडी निम्म्याहून कमी केल्या. ताईंची कार्डं घेतली, रंगीत ठिपके लावले. सुरुवातीला हसले लोक. "साहेब आता परीक्षा घेणार." एका आजोबांनी तर कार्डाचा पंखा केला. नाव नोंदवणार नाही, नंबर फक्त मशिनीला, असं सांगितल्यावर धरलं.

प्रश्न टाकला: कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाची गोळी लावून बोंडअळीचे नर पतंग पकडायचा सापळा) सलग तीन दिवस रोज किती पतंग आले म्हणजे फवारणीचा विचार करायचा? पर्याय १, ८, ३० आणि "पतंग दिसले की लगेच". माझा अंदाज होता की ८ म्हणतील, कारण दरवर्षी सांगतोच. बहुतेक कार्डं "लगेच"वर. आलेख पडद्यावर आला तेव्हा मी गप्प बसलो आणि मोंढाभाऊंचं 'बी' दाबलं. म्हटलं, शेजाऱ्याला पटवून द्या.

मग जे सुरू झालं ते इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. एक जण म्हणाला, एक पतंग दिसला म्हणजे शंभर असतील, थांबायचं कशाला. दुसरा म्हणाला, मागच्या साली तू चारदा फवारलंस, पैसे गेले आणि बोंडं किडलीच ना. तिसऱ्याने मूळ गोष्ट काढली: "सापळे लावलेत कुणी? मोजणार काय?" आणि सगळे हसले. म्हणजे आकडा पाठ करून घ्यायची गरजच नव्हती, सापळाच शेतात नव्हता. पुढच्या सात-आठ स्लाईडी सोडून दिल्या आणि थेट सापळ्यावर गेलो. एकरी दोन, पेरणीनंतर ४५ दिवसांच्या सुमारास, पिकाच्या शेंड्यापेक्षा जरा उंच, आणि आतली गोळी कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलायची. एक सापळा तिथेच जोडून घेतला, पिशवी उलटी बांधली गेली तर काय होतं तेही कळलं.

दुसरं केलं ते कुणी सुचवलं नव्हतं. लोकांना येतानाच आपापल्या शेतातली हिरवी बोंडं आणायला सांगितली होती. मोबाईल स्टँडला उलटा टांगला, कॅमेरा खाली, आणि वायरने टीव्हीला जोडला. बोंड चाकूने चिरायचं आणि सगळ्यांनी मोठ्या पडद्यावर बघायचं. गुलाबी बोंडअळी बारीक असताना आत शिरते आणि शिरल्याचं छिद्र बुजून जातं, त्यामुळे बाहेरून बोंड ठणठणीत दिसतं. चिरायच्या आधी कार्डं: अळी आहे का नाही? ज्याचं बोंड त्यालाच आधी विचारायचं. एकाने छातीठोक सांगितलं, माझ्यात नाही. चिरलं, सरकीत तोंड खुपसून बसलेली अळी टीव्हीवर बोटाएवढी दिसली. मागची रांग उठून पुढे आली. डोमकळी ओळखायला मग वेगळी स्लाईड लागलीच नाही, एका बाईने स्वतःहून सांगितलं की फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं राहतं ते हेच ना.

वरच्या लोकांना अहवालात काय लिहू हा प्रश्न आहे. तिथे 'ॲप वापरलं का' असा रकाना आहे.

---

बालाघाटी

बोंडं चिरली ते लई बेस केलं. आता माझा प्रश्न. रोज पतंग मोजायचे कुणी? मी सकाळी पाण्याच्या पाळीवर असतो, पोरगं पुण्याला. आन् माझ्याच रानात मोजून काय फायदा, शेजाऱ्याने मोजलेच नाहीत तर?

---

पूर्णाजंक्शन

दादा, अगदी हेच तिथे विचारलं गेलं. त्यांनी गटाने वाटून घेतलंय: शिवाराच्या चार दिशांना चार जण, रोजचा आकडा व्हॉट्सॲप गटावर टाकायचा. नाव दिसलं तरी इथे बिघडत नाही, उलट ज्याने टाकला नाही तो कळतो. टिकतं का ते बघू.

---

मांजराकाठ

झकास. पर्यायांत "लगेच" ठेवलात तिथे तुम्ही जिंकलात. लोक खरंच जे करतात ते पर्यायांत असलंच पाहिजे. १, ८, ३० एवढंच असतं तर सगळ्यांनी अंदाजाने मधला आकडा दिला असता आणि तुम्ही खूश होऊन पुढे गेला असता.

बोंड बघायला फोल्डस्कोपही बघा. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या गटाने केलेला कागदी सूक्ष्मदर्शक. मोबाईलच्या कॅमेऱ्याला चिकटतो, म्हणजे तोही टीव्हीवर दिसेल.

---

वाळूज_सेकंडशिफ्ट

अहवालात 'होय' लिहा की भाऊ. प्लिकर्स ॲपच आहे.

---

बचतगटवाली

माझी कार्डं मागच्या पावसात भिजून गेली. लॅमिनेशन करून घेतलं तर चालेल का? आणि आमच्या बैठका संध्याकाळी ट्यूबलाईटखाली असतात.

---

खडूफळा

ताई, चकचकीत लॅमिनेशन करू नका. ट्यूबची तिरीप कार्डावर पडली की कॅमेऱ्याला नक्षी कळत नाही. दुकानात मॅट फिनिश मागा, किंवा सरळ जाड कार्डशीटवर छापून प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. धरताना बोटं काळ्या भागावर येऊ देऊ नका, हे दर वेळी सांगावं लागतं. आणि बायका गोलात बसतात ना? मग तुम्ही मध्ये उभ्या राहून फिरा, एका टोकाला उभं राहिलात तर शेजारणीचं कार्ड आड येतं.